तक्रारीनंतरचा सूड: तुमच्या हातात काय आहे?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यावर कुठेही कार्यक्रम ठेवा, व्याख्या आणि समितीची रचना सगळे शांतपणे ऐकून घेतात. मग चिठ्ठ्या येतात, त्या बहुतेक एकाच गोष्टीच्या. ‘तक्रार दिल्यापासून मला मीटिंगला बोलवत नाहीत.’ ‘मूल्यांकनात एकदम दोन पायऱ्या खाली.’ ‘नाशिकहून थेट नागपूरला बदली.’ ‘ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.’ ‘मी फक्त साक्ष दिली होती, माझं प्रोबेशन वाढवलं.’ छळाची तक्रार कुठे करायची हे आता बऱ्याच जणींना ठाऊक असतं. तक्रारीनंतर जे सुरू होतं त्याला तोंड कसं द्यायचं, हे मात्र कार्यालयातल्या भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलेलं नसतं. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

आधी कायद्यातलं भगदाड

‘तक्रार करणाऱ्या महिलेवर सूड उगवणं हा गुन्हा आहे’ असं सांगणारं स्वतंत्र कलम २०१३च्या कायद्यात, म्हणजे ज्याला आपण पॉश कायदा म्हणतो त्यात, नाही. गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा मार्गदर्शक तत्त्वांत ते स्वच्छ लिहिलेलं होतं: तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास किंवा भेदभाव होता कामा नये. कायदा करताना ते वाक्य त्याच रूपात आत आलं नाही. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

याचा अर्थ संरक्षण नाही असा नव्हे. ते विखुरलेलं आहे. थोडं पॉश कायद्याच्या कलम ३, १२ आणि १९मध्ये, थोडं कामगार कायद्यांत, थोडं सेवानियमांत, थोडं फौजदारी कायद्यात. आणि त्यातलं जवळपास काहीही आपोआप मिळत नाही. लेखी मागावं लागतं, आणि वेळेत मागावं लागतं.

सूड म्हणून नेमकं काय धरायचं?

‘तुम्ही तक्रार केलीत म्हणून ही शिक्षा’ असं कोणी पत्रावर लिहून देत नाही. पत्रावर ‘प्रशासकीय सोय’, ‘पुनर्रचना’, ‘कामगिरीत सुधारणा आवश्यक’ असे शब्द असतात. नेहमी दिसणारे प्रकार असे:

- तक्रारीनंतर काही आठवड्यांत आलेली बदली, विशेषतः हुद्द्याला न शोभणाऱ्या जागी
- हातातलं काम, टीम किंवा ग्राहक काढून घेणं. रिकामं बसवून ठेवणं
- वर्षानुवर्षं चांगल्या असलेल्या गोपनीय अहवालात अचानक घसरण
- किरकोळ उशिरासाठी मेमो, कारणे दाखवा नोटीस, ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’
- कंत्राटाचं नूतनीकरण न होणं, प्रोबेशन लांबणं
- समितीपुढचं बोलणं कार्यालयभर पसरणं आणि सहकाऱ्यांनी वाळीत टाकणं

इथे कलम ३चं दुसरं पोटकलम उपयोगी पडतं. लैंगिक स्वरूपाच्या वागणुकीशी जोडलेली वाईट वागणुकीची धमकी, आताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळा, भीतिदायक किंवा शत्रुत्वाचं वातावरण, आरोग्यावर परिणाम करणारी अपमानास्पद वागणूक, या गोष्टी लैंगिक छळच ठरू शकतात. ‘जोडलेली’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. साहेबांनी जेवायला चलण्याचा आग्रह केला, तुम्ही नाही म्हणालात आणि पुढच्या आठवड्यात प्रोबेशन वाढलं, तर तक्रारीत तीन वेगळी वाक्यं लिहून थांबू नका. चौथं वाक्य लिहा: ‘मी नकार दिल्यामुळेच हे घडलं असं माझं म्हणणं आहे, कारण...’ आणि पुढे तारखा.

तीन महिन्यांचं गणित चुकवू नका

घटनेपासून तीन महिन्यांत समितीकडे (कार्यालयातली अंतर्गत समिती किंवा जिल्ह्याची स्थानिक समिती) लेखी तक्रार. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापलीकडे नाही.

पुष्कळ जणी असं धरून चालतात की छळ संपला तरी सूड चालू आहे, म्हणजे मुदतही चालू आहे. हा समज महागात पडतो. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातील प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ची, तक्रार डिसेंबर २०२३ची. मधल्या ऑगस्टमध्ये त्यांना एका केंद्राच्या संचालकपदावरून काढलं होतं. तो सूडच होता आणि म्हणून छळ चालूच होता, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ती कारवाई प्रशासकीय मानली, छळाशी तिचा धागा जुळत नाही असं म्हटलं आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्या निकालाची नोंद ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्या बायोडेटात राहावी असंही न्यायालयाने सांगितलं, पण चौकशी झाली नाही ती नाहीच.

तेव्हा ‘अप्रेझल होऊन जाऊ दे’, ‘दिवाळीचा बोनस हातात पडू दे’ म्हणून थांबू नका. तक्रार आधी जाऊ दे. सूडाची तक्रार नंतर स्वतंत्रपणे जोडता येते. उलट क्रमाने गेलात तर मूळ तक्रारच उरत नाही.

पहिल्याच अर्जात अंतरिम दिलासा मागा

हे या लेखातलं सर्वांत कामाचं कलम आहे आणि सर्वांत कमी वापरलं जाणारंही: कलम १२. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी विनंती केलीत, तर समिती मालकाला पुढील शिफारशी करू शकते:

- तुमची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची दुसऱ्या ठिकाणी बदली
- तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि ती तुमच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त
- त्या व्यक्तीने तुमच्या कामाचं मूल्यमापन करू नये, तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये. ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं
- शैक्षणिक संस्थेत असाल तर त्या व्यक्तीने तुमच्या अभ्यासावर किंवा संशोधनावर देखरेख ठेवू नये

समितीने शिफारस करायची की नाही हे समितीच्या हातात आहे. पण एकदा शिफारस झाली की मालकाला ती अमलात आणावीच लागते आणि तसं समितीला कळवावं लागतं. तिसरा मुद्दा, मूल्यमापन काढून घेण्याचा, कोणत्याही परिस्थितीत मागा. निम्मा सूड गोपनीय अहवालातूनच येतो.

मजकूर साधा ठेवा:

*‘माझ्या दिनांक ... च्या तक्रारीची चौकशी पूर्ण होईपर्यंत कलम १२ व नियम ८ अन्वये पुढील अंतरिम दिलासा मिळावा, ही विनंती: (१) श्री. ... यांनी माझ्या कामाचे मूल्यमापन करू नये व ते काम अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावे, (२) श्री. ... यांची अन्यत्र बदली करावी, (३) मला... ते ... या काळात पूर्ण पगारी रजा मिळावी. माझ्या लेखी संमतीशिवाय माझी बदली करू नये.’*

‘पगारी’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. कायद्यात फक्त ‘रजा’ म्हटलं आहे, म्हणून मागणीत तो तुम्हीच लिहायचा. शेवटचं वाक्यही मुद्दाम आहे. ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ म्हणत तक्रारदार बाईलाच दुसऱ्या शाखेत पाठवून देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कलम १२खालची बदली तुमच्या विनंतीवरून होते. विनंती नसताना झाली, तर ती या कलमाखालची नव्हे, आणि तसं लगेच लिहून कळवा.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना चौकशीच्या काळात ९० दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते आणि ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. शिवाय केंद्राच्या कार्मिक विभागाचं डिसेंबर २०१६चं परिपत्रक त्यांनी छापून जवळ ठेवावं. निर्णयानंतर पाच वर्षं तक्रारदाराला सूडाला सामोरं जावं लागत नाही ना यावर लक्ष ठेवायचं, तिला त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली नेमायचं नाही, आणि तिने त्रासाचं निवेदन दिलं तर १५ दिवसांत निर्णय घ्यायचा, असं त्यात म्हटलं आहे. खासगी क्षेत्रासाठी असं काही असतं तर हा लेख अर्धाच लिहावा लागला असता.

त्रास सुरू झाला की

पहिल्या प्रकारालाच कागदावर आणा. तिसऱ्या-चौथ्याची वाट बघू नका. सूड सिद्ध होतो तो बहुतेक वेळा तारखांच्या ओळीतून: तक्रारीआधीची तीन वर्षं कशी होती, तक्रार कधी दिली, त्यांना ती कधी कळली, आणि त्यानंतर किती दिवसांत काय झालं. तक्रारीची प्रत समितीने समोरच्याला सात कामकाजी दिवसांत पाठवायची असते. त्यामुळे ‘त्यांना ठाऊकच नव्हतं’ हा बचाव फार टिकत नाही.

समितीच्या अध्यक्षांना आणि मालकाला, दोघांनाही, असं पत्र द्या:

*‘दिनांक ... रोजी मी तक्रार दिली. त्यापूर्वी माझ्या कामाबद्दल एकही लेखी नाराजी नव्हती. दिनांक ... रोजी ... हा आदेश मला मिळाला. हा आदेश माझ्या तक्रारीमुळे काढला आहे, असे माझे म्हणणे आहे. सुरक्षित कामाचे वातावरण देणे ही कलम १९ अन्वये आपली जबाबदारी आहे. हा आदेश स्थगित करावा आणि हे पत्र माझ्या मूळ तक्रारीचा भाग म्हणून चौकशीत घ्यावे.’*

हाती दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा, पावती जपा. ‘एचआरच्या मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या बघते’ याला नंतर कुठेही किंमत नसते. तोंडी बोलणं झालंच, तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल: ‘आज आपण मला असं असं सांगितलंत, ते मी नोंदवून ठेवते आहे.’

पुराव्याच्या बाबतीत एक सापळा आहे आणि त्यात भल्या भल्या अडकतात. घाबरून कार्यालयाच्या सगळ्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. मग छळाची चौकशी राहते बाजूला आणि गोपनीय माहिती बाहेर नेल्याचं आरोपपत्र तुमच्यावर येतं. तुमचं नेमणूकपत्र, पगारपत्रकं, मूल्यांकनाचे निकाल, तुम्हाला आलेले मेमो, तुमच्या फोनवरचे मेसेज एवढंच जवळ ठेवा. ग्राहकांच्या याद्या, इतरांचे पगार, अंतर्गत अहवाल यांना हात लावू नका; कोणत्या तारखेचा कोणता कागद आहे एवढं डायरीत लिहा. कागदपत्रं आणि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत. ‘अमुक कागद मागवावा’ असा अर्ज तुम्ही द्या. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. फोन बदलायची घाई नको, नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त नको.

बदलीचा आदेश हातात पडला तर

इथे भावनेने निर्णय घेऊ नका. ‘मी जाणारच नाही’ म्हणून घरी बसणं ही सर्वांत मोठी चूक. बदलीला स्थगिती मिळालेली नसताना, नुसतं निवेदन दिलं म्हणून रुजू न होणं हा गैरवर्तनाचा मुद्दा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच सांगून ठेवलं आहे. मालकाला हवं असलेलं कारण आपण आपल्या हाताने देतो.

एक तर रजेचा रीतसर अर्ज देऊन त्या मुदतीत स्थगितीसाठी धावा, नाही तर ‘माझा आक्षेप कायम ठेवून रुजू होत आहे’ असं रुजू अहवालावरच लिहून रुजू व्हा आणि तिथून लढा. रुजू झालात म्हणून बदली मान्य केली असं होत नाही, फक्त ते वाक्य लिहायला विसरू नका.

बदली हा नोकरीचा भागच आहे, असं न्यायालयं नेहमी म्हणतात आणि सहसा हात घालत नाहीत. दुष्ट हेतू दिसला की मात्र घालतात. पंजाब अँड सिंध बँकेच्या प्रकरणात इंदूर शाखेच्या मुख्य व्यवस्थापक असलेल्या महिला अधिकाऱ्याने शाखेतल्या गैरव्यवहारांबद्दल तक्रारी केल्या होत्या, वरिष्ठाकडून छळ होत असल्याचंही त्यांचं म्हणणं होतं. त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत झाली. त्या चौथ्या श्रेणीच्या अधिकारी. ती शाखा पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्यासाठीची. फेब्रुवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बदली सूडाचा प्रकार असल्याचं मानलं, त्यांना किमान वर्षभर इंदूरलाच ठेवायला सांगितलं आणि ५०,००० रुपयांचा खर्च द्यायला लावला. नुसतं ‘मला लांब पाठवलं’ याला फारसं वजन नाही. ‘माझ्या हुद्द्याची जागाच तिथे नाही’ याला आहे. तुमच्या आदेशात अशी विसंगती शोधा: श्रेणी, कामाचं स्वरूप, त्याच यादीत इतर कोणाची बदली झाली का, मुदतीआधी झाली का.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांकडे आणखी एक हत्यार आहे. बदल्यांच्या विनियमनाचा महाराष्ट्राचा २००५चा कायदा साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरतो. त्याआधी उचलायचं तर लेखी कारणं आणि सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ती नसेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) आदेश टिकणं कठीण जातं.

राजीनामा, मेमो आणि सह्या

- खोलीत बसवून राजीनामा मागितला तर लिहू नका. लिहावाच लागला, तर बाहेर पडताच, त्याच दिवशी, ‘दबावाखाली लिहून घेतला, मागे घेते’ असा ईमेल. राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो हे न्यायालयांनी मान्य केलेलं तत्त्व आहे, पण तास मोजून हालचाल हवी.
- मेमो किंवा सुधारणा योजनेवर सही मागितली तर ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ असं लिहून सही करा. घ्यायलाच नकार देऊ नका.
- कारणे दाखवा नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, आणि उत्तरात तक्रारीची तारीख नोंदवा.
- मन थाऱ्यावर नसतं म्हणून न कळवता घरी राहणं टाळा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून अर्ज द्या. नाही तर ‘विनापरवानगी गैरहजर’ हा ठपका तयारच असतो.
- कामावरून काढलंच किंवा तुम्ही सोडलंत, तर वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत देणं असलेलं वेतन मिळायला हवं. ‘तक्रार मागे घ्या, मग हिशेब करू’ हे बेकायदेशीर आहे.

दाद कुठे मागायची?

सगळ्यांसाठी एकच दरवाजा नाही, आणि चुकीच्या दरवाज्यावर टकटक करण्यात मुदती निघून जातात.

*तुमच्या कार्यालयात दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल,* तर जिल्ह्याची स्थानिक समिती. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. तालुक्याच्या किंवा नगरपालिकेच्या पातळीवर तक्रार घेणारा समन्वयक अधिकारी असायला हवा, आणि त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. गोवा विद्यापीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणात डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्याच्या तारखाच ठरवून दिल्या. त्यामुळे ‘आमच्याकडे समितीच नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. ‘शी-बॉक्स’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवरूनही तक्रार करता येते.

*समितीची शिफारस मान्य नसेल किंवा मालक ती अमलात आणत नसेल,* तर ९० दिवसांत अपील. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, अहवाल १० दिवसांत द्यायला हवा, मालकाने ६० दिवसांत कारवाई करायला हवी. या तारखा कॅलेंडरवर लिहा. कायद्यातली कर्तव्यं टाळणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; पुन्हा तेच केलं तर दुप्पट शिक्षा, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

*तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसत असाल,* तर सूडाविरुद्ध सर्वांत धारदार हत्यार कामगार कायद्यात आहे. महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१चा कायदा सूडबुद्धीने काढून टाकणं, दुष्ट हेतूने केलेली बदली, मालकाविरुद्ध तक्रार किंवा साक्ष दिल्याबद्दलचा भेदभाव या प्रथांची नावं घेऊन यादी देतो. मुदत ९० दिवस. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात, बदली आणि इतर प्रथांची औद्योगिक न्यायालयात, आणि दोन्हीकडे अंतरिम आदेश मागता येतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही अनुचित प्रथांची अशीच यादी आहे. त्या मार्गाने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि ४५ दिवसांत समेट झाला नाही तर न्यायाधिकरणाकडे जायचं. नोकरीवरून काढल्याच्या वादासाठी बाहेरची मुदत दोन वर्षं. गोव्यातल्या वाचकांना हाच मार्ग, कारण १९७१चा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. मुंबई-पुण्यातल्या वाचकांनी कोणत्या दाराने जायचं हे पहिल्याच आठवड्यात कामगार वकिलाला विचारावं.

‘माझं पद एक्झिक्युटिव्ह आहे, म्हणजे मी कामगार नाही’ असं परस्पर ठरवू नका. पाटीवर काय लिहिलं आहे यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता हे पाहिलं जातं. कोणाची रजा मंजूर करत नाही, कोणाला नेमत नाही, कोणावर देखरेख नाही, तर हुद्द्याचं नाव कितीही भारदस्त असो. खरोखर व्यवस्थापकीय पदावर असाल तर मात्र नोकरीत परत घेण्याचा आदेश मिळणं खासगी क्षेत्रात अवघड आहे. बहुतेक वेळा नुकसानभरपाईवर भागवावं लागतं. म्हणून तुमच्यासाठी कलम १२चा अर्ज दुप्पट महत्त्वाचा.

*ठेकेदारामार्फत काम करत असाल,* तरी पॉश कायदा तुम्हाला कर्मचारीच मानतो. ज्या कारखान्यात, रुग्णालयात तुम्ही काम करता, तिथल्या समितीकडे तक्रार करा. १९७१च्या कायद्याखाली मात्र अडचण आहे. मूळ कंपनीने ‘ही आमची कामगारच नाही’ म्हटलं, तर आधी ते नातं सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये सांगितलं आहे. म्हणून गेटपास, हजेरीचे फोटो, ईएसआयचं कार्ड, सुपरवायझरचे मेसेज जपायचे.

*खासगी शाळेत शिक्षिका असाल,* तर बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील. ही मुदत फार लहान आहे.

*घरकाम करत असाल,* तर स्थानिक समितीकडे जा. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं.

‘खोटी तक्रार’ आणि बदनामीची नोटीस

ही दोन बागुलबुवांची जोडी आहे. पहिलीबद्दल पॉश कायद्याचं कलम १४ स्पष्ट आहे: तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. दुष्ट हेतू होता हे वेगळी चौकशी करून सिद्ध व्हावं लागतं. दुसरीबद्दल, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही, असा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्येच आहे. समितीकडची तक्रार त्यात बसते. फेसबुकवरची पोस्ट किंवा सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज बसेलच असं नाही. शिवाय पॉश कायद्याच्या कलम १६मधलं गोपनीयतेचं बंधन तुमच्यावरही आहे. रागाच्या भरात नाव टाकलंत, तर समोरच्याच्या वकिलाला आयतं सापडतं.

साक्षीदारांनो, तुमच्यासाठी

तुमचं संरक्षण तक्रारदारापेक्षा पातळ आहे हे खरं. म्हणून साक्ष तोंडी गप्पांत नको, समितीच्या नोंदीत, सही-तारखेसह द्या. त्याच वेळी ‘माझ्या साक्षीमुळे मला त्रास होऊ नये’ अशी विनंती समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे मेमो आला तर तीच तारीख तुमच्या कामी येते.

तडजोड करायची तर

चौकशी सुरू होण्याआधी, आणि तुम्ही स्वतः मागितलीत तरच, समिती समेट घडवू शकते. पैसे हा त्या समेटाचा आधार असू शकत नाही. अटी लेखी घ्या आणि त्यात नोकरीबद्दलच्या अटी घाला: अहवाल कोण लिहील, बदली होणार नाही, अनुभवाचं प्रमाणपत्र कोणत्या शब्दांत मिळेल. अटी मोडल्या तर समितीला कळवा, चौकशी पुन्हा सुरू होते. समेटाचं पत्र सहीला येतं तेव्हा त्यात ‘पोलिसांत जाणार नाही’ असं वाक्य घुसडलेलं असतं, ते खोडा. धमक्या, पाठलाग, रात्रीचे फोन सुरू असतील तर पोलिसांत जाण्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, आणि तुम्हाला फौजदारी तक्रार करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

अजून एक. समितीपुढे तुमच्या वतीने किंवा त्यांच्या वतीने वकील उभा राहू शकत नाही, पण अर्ज लिहून घ्यायला, मुदती तपासायला वकील जरूर गाठा. फी परवडणार नाही म्हणून थांबू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दूरध्वनी क्रमांक १५१००. तातडीच्या मदतीसाठी १८१ आणि ११२.